विंगेत कोणी नव्हते

मी, सुरज सुंदरराव तांबारे, वय २४ वर्षे, शिक्षण बारावी नापास, काम फ्लेक्स व पत्रिका छापण्याच्या दुकानात अक्षरजुळणी, राहणार युसूफ वडगाव, ता. केज, जि. बीड. आज दि. १८/०२/२०२६ रोजी ठाण्यातून निरोप आल्यावरून स्वतः हजर राहून सांगतो की,

माझे अक्षर बरे असल्याने हवालदार साहेबांनी हा जबाब मलाच लिहायला सांगितला आहे. साहेब विचारतील तसे मी लिहीत आहे. कोठे खाडाखोड झाल्यास तेथे माझी सही घ्यावी.

गावातील भांड्याचे व्यापारी मन्मथप्पा विभुते यांनी ठाण्यात अर्ज दिला आहे. त्यांची मुलगी रुद्राणी हिचे माझ्याशी लग्न लागल्याचा व्हिडिओ मोबाईलवर फिरत आहे. तसे काही घडलेले नाही, हे माझ्याकडून लिहून घ्यावे, एवढेच त्यांचे मागणे आहे.

बाजारतळाच्या मागे जुने खताचे गोदाम आहे. त्यात आमच्या मंडळाने स्टेज बांधून छोटे नाट्यगृह केले आहे. पिठाची गिरणी चालवणारे रामहरी काका दिग्दर्शक आहेत. यंदा दिवाळीनंतर गुढीपाडव्यापर्यंत दर रविवारी संध्याकाळी प्रयोग ठरले होते. काही नाटके आजच्या काळातली, गंभीर, व दोन विनोदी. गंभीर नाटकाला पुढच्या रांगा तेवढ्या भरत. विनोदीला लोक खिडकीतही बसत.

मी नट नाही. मी विंगेत पुस्तक घेऊन उभा राहतो. नट अडला की त्याला वाक्य देतो, कोणाला आत यायचे असेल तर त्याला टॉर्च दाखवतो, व शेवटी पडदा ओढतो. रुद्राणी सर्व नाटकांत होती. तिचे पाठांतर पक्के आहे. तरी ती एखाद्या वाक्यापाशी थांबत असे व विंगेकडे पाहत असे. मी वाक्य देत असे, मग ती म्हणत असे. ते वाक्य तिला येत असे, हे मला माहीत होते. याव्यतिरिक्त आमचे बोलणे नव्हते.

‘थांबवा ते लगीन’ हे विनोदी नाटक रामहरी काकांनी लिहिले आहे. त्यात शेवटी लग्न लागते, परंतु शेवटच्या मंगलाष्टकाला नवरीचा मामा मागच्या दाराने धावत येतो, “थांबवा ते लगीन!” म्हणतो, पळापळ होते व पडदा पडतो. प्रेक्षकांना दारातच ज्वारीच्या अक्षतांच्या पुड्या देतात. आजवर कोणत्याही प्रयोगात ते लग्न पूर्ण लागलेले नाही. हार नवरा-नवरीच्या हातातच राहतात.

दि. ८ फेब्रुवारीच्या प्रयोगाला नवऱ्याचे काम करणारा सिद्धाराम दाढ सुजून गाल फुगल्याने येऊ शकला नाही. रामहरी काका म्हणाले, “आता कोन उभा ऱ्हानार?” मी म्हणालो, दुसरा कोणी बघा. ते म्हणाले, “दुसऱ्याला पाठ हाय का? बांध फेटा.” मी फेटा बांधला.

माझ्या जागी विंगेत कोणाला उभे करायचे, हे घाईत कोणाच्याच लक्षात आले नाही. माझ्याही नाही.

नाटक व्यवस्थित झाले. मंगलाष्टके सुरू झाली. भटजीचे काम रामहरी काकाच करतात. मामाचे काम करणारा बजरंग मागच्या दाराबाहेर टॉर्चची वाट पाहत उभा होता. टॉर्च माझ्या खिशात होती व मी बोहल्यावर होतो. शेवटचे अष्टक संपले तरी मामा आला नाही. काकांनी वेळ काढण्यासाठी एक जास्तीचे अष्टक जागेवर रचून म्हटले. त्यात गावाच्या नळाला पाणी न येण्याचा उल्लेख होता. लोक खूप हसले. तेही संपले.

अंतरपाटाआडून रुद्राणीने हळू विचारले, “बजरंग कुठंय?”

मी म्हणालो, “माहीत न्हाई.”

ती म्हणाली, “मग आता काय करायचं?”

पुढे काय करायचे हे सर्व नट मलाच विचारतात व मी सांगतो. त्या वेळी माझ्याकडे वाक्य नव्हते. काकांनी अंतरपाट काढला. लोकांनी अक्षता टाकल्या.

प्रथम हार कोणी घातला, असे साहेबांनी विचारले. रुद्राणीने घातला. पुस्तकात तसे लिहिलेले नाही. प्रयोग चालू असताना नुसते उभे राहता येत नाही व ती चांगली नटी आहे, म्हणून तिने घातला असावा. त्यानंतर मी घातला.  

पडदा ओढणारा मीच असल्याने पडदा पडला नाही. आम्ही दोघे उजेडात तसेच उभे होतो. पहिल्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, “जोडा लई शोभतोय गं.” काकांनी सांभाळून घेण्यासाठी “जोडीनं पाया पडा” म्हटले. आम्ही प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला. व्हिडिओ येथे संपतो.

नंतर मी मागच्या दाराशी गेलो. बजरंग मामाच्या मिशा लावून दगडावर बसला होता. मी म्हणालो, “आला कावून न्हाईस?” तो म्हणाला, “टॉर्च दाखवलीस का बे?” मी म्हणालो, “मी बोहल्यावर होतो.” तो म्हणाला, “मग मला काय सपान पडनार हाय का बे?” त्याची चूक नाही.

मन्मथप्पांनी स्वतः अक्षता टाकल्या काय, असे विचारले. रुद्राणीचे लग्न जेथे ठरत आहे ते लातूरकडचे पाहुणे तेच धरून बसले आहेत, असे समजते. मन्मथप्पा त्या दिवशी मुलीचे नाटक पाहायला यंदा प्रथमच आले होते व तिसऱ्या रांगेत होते. त्यांनी अक्षता टाकल्या. ते पोट धरून हसत होते व उपरण्याने डोळे पुसत होते. हातात पुडी दिल्यावर कोणीही टाकतो. त्यावरून त्यांना बोल लावू नये.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. म्हणाले, “साऱ्या गावात तूच सापडलास व्हय रे उभा ऱ्हायला?” मी म्हणालो, “काका, वाक्यं मलाच पाठ होती.” ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, “लेकरा, तुझ्यावर राग न्हाई. पन पावनं म्हनतेत, अक्षता पडलेली पोरगी आमी कशी करायची? तू लिहून दे, मंजी मिटंल.” मी पाणी दिले. ते पाणी पिऊन गेले.

रुद्राणीचा साखरपुडा दि. २२ रोजी ठरला आहे. त्याची मोबाईलवर पाठवायची पत्रिका आमच्याच दुकानात, त्या प्रयोगाच्या आधी तयार झाली. मजकूर मी जुळवला. दोन्ही नावे तपासून घेतली. बरोबर होती.

हार कोठे आहेत, असे विचारले. ते कागदी फुलांचे आहेत, खरे नव्हेत, याची नोंद व्हावी. कागदी असल्याने ते वाळलेले नाहीत. नाटकाच्या सामानाची पेटी हॉलमध्ये असते. सध्या ती माझ्या घरी आहे.

त्या प्रयोगानंतर पुढचे रविवार बंद ठेवले आहेत. हॉलची किल्ली माझ्याकडे आहे. मी सकाळी जाऊन झाडून घेतो. खुर्च्यांखाली अजून ज्वारी निघते. रुद्राणी तेव्हापासून मला दिसलेली नाही. आज ठाण्याच्या ओट्यावर दिसली. ती तिच्या आईसोबत बाहेर पडत होती व मी आत येत होतो. ती थांबली व तिने माझ्याकडे पाहिले. मी आत आलो.

तरी मी सांगतो की, ते लग्न नव्हते. ते नाटक होते. रुद्राणी मन्मथप्पा विभुते हिच्यावर माझा कोणताही हक्क नाही व मी तो कधी सांगणार नाही. तिचे लग्न जेथे ठरेल तेथे माझी हरकत नाही. हे मी कोणाच्या दबावाखाली लिहिलेले नाही.

रुद्राणीचा जबाब माझ्या आधी घेतला, असे साहेबांकडून समजले. तिने त्यात काय सांगितले, हे मी विचारले नाही व साहेबांनी सांगितले नाही. तिच्या व माझ्या सांगण्यात कोठे फरक निघाल्यास तिचे सांगणे खरे धरावे व माझे चुकीचे समजावे.

हा मजकूर हवालदार साहेबांनी माझ्यासमोर मोठ्याने वाचला. बाकावर बसलेले मन्मथप्पा वाचन संपल्यावर म्हणाले, “बाकी समदं झ्याक हाय. तेवढं शेवटचं वाक्य खोड की, लेकरा.” साहेबांनी माझ्याकडे पेन दिले. मी ते परत केले. सांगितले तसेच उतरले आहे, ऐकून खात्री केली. जबाबात कोठेही खाडाखोड नाही.

सही
सुरज सुंदरराव तांबारे