शिवदाराचा धागा

हॅलो? … हॅलो! कोण, वीरण्णा? हां, मी जगदेवप्पाच. गुलबर्ग्याला, सावकाराच्या दुकानातच हाय… बोल की. बाळ गेल्याचं सकाळी कळवलास, आता काय? तुझी बहीण बरी हाय न्हवं?

न्हाई रे, मोटार दुपारचीच हाय. बीदरला पोचूस्तोवर रात होईल… तवर थांबायचं न्हाई म्हणतेत? बरं… बरं. न्या मग.

… काय? काय देईना झालीय? … लिंग? बाळाच्या गळ्यातलं?

व्हय, ठाऊक हाय मला. शिवय्या स्वामींनी जन्मल्या दिवशी बांधलेलं, ते हातात देऊनच माती द्यायची… मुठीत धरून बसलीय? आणि तुम्ही मूठ उघडायलाव? हात लावू नका तिला! ओली बाळंतीण हाय ती, वीरण्णा… मी सांगतो. दे तिला फोन. डॉक्टरीणबाईंना म्हण, तुमचा फोन जराच…

निलम्मा? … मी हाय गं.

बोलू नकोस. नुसतं ऐक… व्हय. व्हय… रड.

… कामून म्हणजे? त्याचं हाय ते. आपल्या लिंगायतात लिंगाबिगर कुणी जातंय का? एवढंसं लेकरू, एकटं चाललंय… सोबतीला तेवढं तरी देऊ की.

… हां. खरं हाय. तुला काय राहिलं… टोपडं? तेबी नेलं? कुणी, तुझ्या आईनं? … विसरावंस म्हणून? अगं, का म्हणून विसरायचं!

ऐक, ऐक ना… दोरा कुणाचा हाय? तुझ्याच गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्याचा, शिवदाराचा धागा काढून केलेला न्हवं? मग लिंग दे, दोरा ठीव. हातात लिंग द्यायचंय, दोऱ्याचं काय काम? … स्वामी न्हाई म्हणतेत? म्हणू देत. बापानं सांगितलंय म्हण.

ऑपरेटर साब, लाइन मत काटो… हात जोडता हूँ, मेरे बच्चे की बात है…

निलम्मा? … दिलीस? … बरं केलीस. बरं केलीस, माय.

मला? मला काय व्हायलंय, मी बरा… न्हाई गं. बरा न्हाई मी. तू मांडीवर घेतलीस, दूध पाजलीस. मी तोंडबी बघितलो न्हाई त्याचं… कुणावाणी हुतं गं?

… माझं नाक?

… तो दोरा तोड, निलम्मा. अर्धा मला ठीव… ऐकायलीस का? अर्धा मला… हॅलो?

हॅलो? …