मोहिते बाईंची कापसाची पेशी

मुख्याध्यापक सर, बाईंच्या घरची मंडळी, जमलेले सगळे, आणि पोरींनो,

मला माईकवर बोलायची सवय नाही. सरांना म्हटलं, मला वगळा, तोंडातनं काही वेडंवाकडं गेलं तर? सर म्हणाले, "चाचा, ते कापसाचं तुमी न्हाई सांगितलं तर कोण सांगणार?" म्हणून उभा राहिलो. मी बाबालाल नदाफ. चौकात गाद्या भरतो. शाळा चौथीपर्यंत. मागं आवाज पोचतोय ना?

मोहिते बाई गेल्या. गेल्या शुक्रवारी विज्ञानाचा तास घेऊन घरी गेल्या, छातीत दुखतंय म्हणाल्या, आणि सांगलीला पोचेपर्यंत सगळं संपलं. मला अजून खरं वाटत नाही. दुपारी मधली सुट्टी झाली की बाई माझ्या दुकानात यायच्या; अजून त्या वेळेला मी रस्त्याकडं बघतो.

गणपती झाल्यावर बाई त्यांच्या वर्गातल्या सानिकाला आणि तिच्या मैत्रिणींना घेऊन दुकानात आल्या. कापसाच्या गठ्ठ्यावर बसल्या. म्हणाल्या, "चाचा, आमाला एक पेशी शिवून पायजे."

मी विचारलं, "केवढ्या मापाची?"

पोरी किती हसल्या! मग बाईंनी समजावलं. आपलं अंग पेशींचं. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवतात, त्यावर विद्यापीठं औषधं शोधतात, शोधाचं पेटंट घेतात. मग तो शोध कुणाचा? असा प्रकल्प कराडच्या प्रदर्शनात न्यायचा, आणि लोकांना बघायला ही मोठी पेशी.

मला घोर लागला. म्हटलं, "बाई, पेटंट म्हंजे सरकारी भानगड. उद्या पोलीस आलं तर?"

"आवं चाचा, आलं तर त्यास्नीबी एक गादी खपवा."

बाई साताऱ्याच्या. आमच्याशी आमच्यासारखंच बोलायच्या.

पेटंट म्हणजे काय, तेही सांगितलं. ज्यानं शोध लावला त्यानं कसा लावला ते सगळं उघड लिहून द्यायचं. बदल्यात काही वर्षं त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्यानं ते करायचं नाही. मुदत संपली की सगळ्यांचं.

मी म्हटलं, माझा बाप गादीचा कोपरा शिवताना पाठ फिरवून बसायचा. दुसऱ्या कुणी टाका बघू नये म्हणून. बाई म्हणाल्या, "मग तो टाका आता कुठं हाय?" तो टाका बापाबरोबर गेला. मलासुद्धा पुरता आला नाही.

तेव्हा सानिकानं विचारलं, "बाई, ज्या माणसाच्या अंगातनं पेशी घेतली, त्याला इचारलं व्हतं का?"

बाई गठ्ठ्यावरनं उठूनच उभ्या राहिल्या. "सानिका, ह्योच आपला प्रकल्प!" असा आनंद मी कुणाच्या तोंडावर बघितला नाही.

पेशी मी जीव लावून शिवली. चारी बाजूंनी घट्ट. बाईंनी फिरवून बघितली आणि म्हणाल्या, "चाचा, ही मेली."

"का?"

"तोंडच न्हाई. आत काय येणार, भाईर काय जाणार?"

मी भांडलो. तोंड उघडं ठेवलेली गादी माझ्या दुकानातनं कधी गेली नाही. लोक काय म्हणतील? बाई म्हणाल्या, "सांगा, मोहिते बाईनं बिघडवली." मग बसून दोघांनी टाके उसवले. पेशीला जागोजागी वाटा ठेवल्या.

राहिलं केंद्रक. पेशीच्या मधला गोळा. बाई म्हणाल्या, माझ्या जुन्या लाल साडीचा तुकडा आणते शनिवारी. शनिवारी मला अजून काही कळलं नव्हतं, वाट बघत मी जेवायलासुद्धा घरी गेलो नाही. बाई आल्या नाहीत. आल्या असत्या कशा?

आता पोरी म्हणतात, आम्ही कराडला जाणार नाही. बाई नाहीत, तर कुणासाठी जायचं? पोरींनो, मला तुमच्यासारखं बोलता येत नाही. पण बाई कधी पाठ फिरवून बसल्या का? जे येत होतं ते सगळं तुमच्यासमोर मांडून गेल्या ना? मग ते आता तुमच्याकडंच आहे. तुम्ही घरी बसलात, तर माझ्या बापाच्या टाक्यासारखं होईल. नका गं असं करू.

मोहिते साहेब, तुम्ही बाईंचे मालक, तुमच्याकडं एक मागायचं आहे. कालपासून धीर होत नव्हता. त्या लाल साडीचा तुकडा मिळेल का? ओंजळभर पुरे. न विचारता घ्यायचं नाही, हे बाईंसमोर सानिकाच बोलली होती, म्हणून सगळ्यांदेखत विचारतोय. आत्ता उत्तर देऊ नका. नाही म्हणालात तरी माझा राग नाही. मधली जागा मी तशीच रिकामी ठेवीन. दुसरं कापड तिथं घालणार नाही.

बाई, माझा सलाम घ्या.

आता सगळे उभे राहू या. जरा वेळ कुणी बोलू नका. मधली सुट्टी व्हायची वेळ झाली आहे.