सासरे जागेवर आहेत ना?

...आणि अडथळा म्हणे. तुम्हाला सांगते, मोबाईलवर सरळ अक्षरं उमटली, ‘फोटोतला अडथळा काढून टाकला आहे’, शेजारी एक हसरा चेहरा, आणि माझ्या हातातला चमचा खाली पडला, कारण तो अडथळा म्हणजे माझे सासरे होते.

थांबा, नीट सांगते, नाहीतर म्हणाल बाईला काय झालंय. आमच्या सासऱ्यांना फोटोचं भारी वेड. घरात कुणी शिंकलं तरी कॅमेरा घेऊन हजर. आणि सगळे फोटो स्वतःच काढायचे, दुसऱ्याच्या हातात कॅमेरा द्यायचा म्हणजे पोटचं पोर दिल्यासारखा चेहरा व्हायचा. झालं काय, सगळ्या गोतावळ्याचे फोटो आहेत, मांजराचेसुद्धा आहेत, आणि ज्यांनी काढले त्यांचा एकही नाही. ते गेले तेव्हा अख्खी पेटी उपसली आम्ही... नाहीतच. फक्त एका फोटोत त्यांची सावली. सासूबाई तरण्याताठ्या, फाटकापाशी उभ्या, कडेवर आमचे हे, तोंडात अंगठा घालून, आणि पुढे जमिनीवर ही लांबलचक सावली, दोन्ही कोपरं बाहेर, दोन कानांचं पातेलं असावं तशी. तेच सासरे.

तो फोटो ओलीनं काचेला चिकटला, म्हणून मीच दुकानात घेऊन गेले. फ्रेमवाला म्हणाला, “काही होत नाही ताई, रोजचं काम आहे,” आणि ओढला. अर्धा त्याच्या हातात, अर्धा काचेवर. आधी दिरांनी त्याची छबी संगणकात घेऊन ठेवली होती म्हणून निभावलं, डागांसकट, मधल्या जुन्या चिरेसकट, पण आता जे काय आहे ते तेवढंच. सासूबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं हो. एवढंच म्हणाल्या, “डाग काढ हवे तर, पण ह्यांना धक्का लावू नकोस.”

आता बाहेर कुणाला द्यायची माझी छाती होईना. म्हटलं घरीच करू, हळूहळू, दुपारची कामं आटोपली की. देवापुढे बसले, फोटो भिंतीवर लागेपर्यंत गोड सोडलं, आणि सॉफ्टवेअर निवडायला निघाले. मला वाटलं, झाडू आणण्यासारखं असेल. गेलं, बघितलं, आणला.

पहिलं दिरांनी दिलं. दीर म्हणजे कसे, माचिससुद्धा घेतील तर कारखानदार वापरतात ती. “वहिनी, हेच घ्या, मोठमोठे लोक ह्यावरच काम करतात.” उघडलं तर डाव्या हाताला सुरी, कात्री, ब्रश, शिक्का, रबर... फोटो दुरुस्त करायचाय की ऑपरेशन? एका बारक्या डोळ्याच्या चित्रावर नुसतं बोट टेकलं, आणि सासूबाई गेल्या, हे गेले, फाटक गेलं, सासरे तर गेलेच गेले. सगळं पांढरंफटक. फोन लावला दिरांना, म्हटलं, “भाऊजी, घरात कुणी उरलं नाही.” ते म्हणतात, “वहिनी, थर झाकलात तुम्ही, डोळा परत उघडा.” उघडला. आले सगळे. मी आधी जमिनीकडे बघितलं, सासरे जागेवर आहेत ना? होते. पण त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं.

रात्री ह्यांना सांगितलं. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “आधी नकला करून ठेव, आणि नकलेवर काम कर.” लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच कामाचं बोलले. केल्या मी नकला. एक ‘सासरे’, एक ‘सासरे खरे’, एक ‘सासरे हेच खरे’, आणि एक ‘सासरे शेवटचे’... ते लिहिताना मात्र चर्र झालं, पुसलं आणि ‘सासरे सुखरूप’ केलं. पेन ड्राइव्हवर एक, दिरांकडे एक, एक नणंदेला पाठवली. तिचा फोन, “वहिनी, बाबांना कितीदा पाठवतेस?”

मग शेजारीण. “अगं, मोबाईलवर घे, फुकट आहे, आणि सगळं आपोआप.” आपोआप हा शब्द ऐकला की आता माझ्या अंगावर काटा येतो. तिथेच तो अडथळा. आणि सासूबाईंचं काय केलं विचारू नका, तोंड उकडलेल्या अंड्यासारखं गुळगुळीत, ओठ लाल, ह्यांच्या तोंडातला अंगठा काढून दोन दात बसवले. शेजारीण म्हणते, “बघ, किती छान दिसतात.” म्हटलं, “छान दिसतात गं, पण ह्या कोण?” ती म्हणाली, “आणि ती घाण सावलीपण गेली.” बिचारीला काय माहीत. मी घरी येऊन ‘सासरे सुखरूप’ उघडून बघितलं. सासरे जागेवर आहेत ना? होते. मग जेवले.

तिसरं महिन्याच्या भाड्याचं. पहिला महिना तसाच वापरा म्हणे. ते म्हणालं, तुमचा फोटो आमच्याकडे वर पाठवा. वर कुठे? तर ढगात. अहो, सासरे वर गेले म्हणून तर एवढेसे उरलेत, परत कुठे पाठवता? आणि खालची ओळ वाचली तर, पैसे भरायचे थांबलात की फोटो उघडणार नाही. म्हणजे आमच्या माणसाला ओलीस ठेवणार. बंदच केलं. बंद करताना पुन्हा त्याचा प्रश्न, ‘बदल कायम करायचे?’ मी काही बदललंच नव्हतं... की बदललं होतं? हो म्हणावं तर भीती, नाही म्हणावं तर भीती. बटणच दाबून धरलं मशीन विझेपर्यंत.

शेवटी मीच एक परीक्षा ठरवली. सॉफ्टवेअर उघडायचं, फोटो ठेवायचा, हात जोडून नुसतं बसायचं. आपण होऊन काही केलं की नापास. आणि असं एक मिळालं हो. फुकट, दिसायला ओबडधोबड, स्वतःहून ढिम्म हलत नाही. इथला चांगला तुकडा उचला, तिथल्या डागावर ठेवा, एवढंच येतं त्याला. म्हणजे रफूच की. रफू मला येतो. आणि जतन करताना जुन्याला हात लावत नाही, नवीनच प्रत करतं. दीर म्हणाले, “वहिनी, अगदीच मठ्ठ निवडलंत.” म्हटलं, “भाऊजी, हुशारांनी बाबांना पुसलं.”

रोज दुपारी थोडं थोडं. चीर बुजवली, डाग काढले, सासूबाईंच्या गालावरचा एक तीळ डाग समजून काढला होता, तो परत बसवला. सावलीच्या कडेशी आले की श्वास धरायचा, एक टिंब ठेवायचं, मागे सरून बघायचं, सासरे जागेवर आहेत ना... असं करत करत काठाला लागले. मोठा छापून आणला.

सासूबाईंच्या हातात दिला आणि मी भिंतीला टेकून उभी, परीक्षेच्या निकालाला उभी असल्यासारखी. त्यांनी चष्मा लावला. स्वतःकडे बघितलंच नाही. बोट सावलीवर ठेवलं, पायापासून डोक्यापर्यंत नेलं, कोपरावर थांबल्या. डोळे भरून आले त्यांचे. माझेही आले. देवाला म्हटलं, पावलास.

मग म्हणाल्या, “सगळं बरोबर आहे गं. पण हे एवढे जाड नव्हते. जरा बारीक करता येतील का?”

तर... तुमच्यापैकी कुणाच्या माहितीत आहे का हो, सासरे बारीक करणारं? फुकट असलं तर बरं. पण बेतानं करणारं हवं. फार हुशार नको.