चाळीस वेळा निवृत्त झालेले साहेब

(एका नव्या प्रोग्रामिंग भाषेची पहिली आवृत्ती आज चार वाजता लोकांसाठी खुली व्हायची आहे. ती लिहिणारी भाची आणि तिचा जोडीदार समोरासमोरच्या टेबलांवर. खिडकीपाशी, स्टुलावर पाय टाकून, निवृत्त प्रोग्रामर मामा.)

मामा: सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही, म्हणून मी हे आजवर तोंडातून काढलेलं नाही.

भाची: गेल्या खेपेचंही काढलं नव्हतंस. मग ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला कसं पाठ होतं?

मामा: ते वेगळं. ते खोटं होतं. हे तुमच्या भांडणाच्या कामाचं आहे.

जोडीदार: भांडण नाही, मामा. भाषेसोबत पॅकेज मॅनेजर द्यायचा की नाही, एवढंच. लोकांनी लिहून ठेवलेले तयार तुकडे शोधून आणायचे आणि जागेवर बसवायचे, हे त्याचं काम. आठ महिने घासून लिहिलाय मी. भाषा उघडली की तो हाताशी असावा.

भाची: आणि मी म्हणते, वेगळा दे. ज्याला हवा तो घेईल. एकदा भाषेच्या पोटात गेला की बाहेर काढता येत नाही. उद्या कुणाला याहून चांगला सुचला तर? शिवाय त्यातली प्रत्येक चूक आपल्या गळ्यात. दोघंच आहोत आपण.

जोडीदार: वेगळा दिला तर दोघं नसू. मी दुसरं काम बघेन. रागाने नाही म्हणत. पण लोक चार दिवसांत आपापले मॅनेजर काढणार आणि मी माझ्यावरची नुसती धूळ पुसत बसणार, हे माझ्याने व्हायचं नाही.

भाची: सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणालास हे.

जोडीदार: दोनदा तू ऐकलं नाहीस.

मामा: आता दोघं माझं ऐका. मी नकाशा कचेरीत होतो तेव्हा तिथल्यासाठी एक भाषा लिहिली होती. देखणी. इतकी पातळ की घडी करून खिशात ठेवावी.

भाची: हे खरं आहे. आई सांगते.

मामा: तुझी आई सांगते म्हणजे जरा कमीच सांगत असेल. तर मीही तुझ्यासारखाच ताठ. म्हटलं, भाषा ती भाषा, सामान ज्याचं त्याने आणावं. झालं. मोजणीवाल्यांनी स्वतःचा मॅनेजर काढला, नाव ठेवलं गोणी. छपाईवाल्यांना गोणी कमीपणाची वाटली, त्यांनी काढला पेटारा. जुने नकाशे सांभाळणाऱ्या बाई दोघांशीही बोलत नव्हत्या. त्यांचं गाठोडं.

जोडीदार: बघ. तीन झाले.

भाची: तू गप्प बस, अजून तो खरं बोलतोय.

मामा: पुढे ऐका. गोणी बसवायला पेटारा लागायचा. पेटाऱ्याला गाठोडं. गाठोड्याला तारीख छापणारा एक तुकडा. आणि तो तुकडा मिळायचा कुठे? फक्त गोणीत. एका सकाळी छपाईवाल्याने जागा करायची म्हणून नेमका तोच पुसला. तारीख तिथेच अडकली. हजेरीपट रोज यंत्रातून निघायचा आणि रोज त्यावर तीस तारीख.

जोडीदार: हाताने खोडून एक तारीख करायची की.

मामा: सरकारी कागदावर खाडाखोड? तू नोकरी केलेली दिसत नाहीस. बरं, तीस तारखेला आमचे मोठे साहेब निवृत्त व्हायचे होते. झाले. भाषण झालं, केक कापला, भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर पुन्हा तीस. साहेब शिस्तीचे. हजर.

भाची: आणि पुन्हा निरोप.

मामा: रोज. घड्याळ सकाळी परत आणायचे, दुपारी पुन्हा घ्यायचे. पहिलं भाषण यथातथाच होतं. पण माणूस रोज निवृत्त व्हायला लागला की सुधारतो. विसाव्या दिवशी मोजणीवाले रडले. तिसाव्या दिवसापासून समोरच्या इमारतीतले लोक खुर्च्या घेऊन यायला लागले.

भाची: तारीख अडकली होती तर दिवस मोजले कुणी?

मामा: केकची खोकी होती ना. कपाटावर रचून ठेवली होती. चाळीस.

जोडीदार: मग सुटलं कसं?

मामा: एका दुपारी साहेब माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, बाबा, माझ्याकडचं बोलणं संपलं. मला गहिवरून आलं. तिथल्या तिथे बसलो, ताठा सोडला आणि मॅनेजर भाषेच्या आत घातला. सगळ्यांना एकच. दुसऱ्या सकाळी एक तारीख. साहेब घरी गेले, आणि माझी भाषा पुढे वीस वर्षं सुखाने चालली.

जोडीदार: पावणेचार झाले. काय करायचं सांग. आत की वेगळा?

भाची: आत. पण ज्याला स्वतःचा आणायचा असेल त्याला वाट मोकळी ठेव. आणि चुकांच्या तक्रारी आल्या की आधी तू उठायचंस.

जोडीदार: उठेन. मामा, तुमचे उपकार झाले.

भाची: त्याचे कसले? चाळीस केक खाल्ले म्हणतो, ते मी मानते. घड्याळही मानते. पण मामा, आपली भाषा लिहायला घेतली तेव्हा मी आधी तुझी उघडून बसले होते, पहिल्या आवृत्तीपासून शेवटचीपर्यंत. दोन वर्षांत संपली ती. का, ते आज कळलं. आणि मॅनेजर तू कधी आत घातलाच नाहीस.