यंत्र उचलायची जागा

— न्हाई न्हाई, तू उठू नको. तसाच पडून ऱ्हा पेरनीच्या यंत्राखाली, वायर दातातच धर. तुला बोलायचं कामच न्हाई, मी बोलते, तू ऐक. नाव काय म्हन्लास? धम्मानंद. धर्माबादचा, मिरचीवाल्या गावचा. बरं. मला गुरम्माकाकू म्हन, सगळं गाव म्हनतंय. तर मी काय इचारत होते — हे बटन जे तू बसवून राहिलास, ते यंत्र खाली टेकलं की दबतं, अन् दबलं की ट्रॅक्टरातल्या टीव्हीला कळतं की आता बी पडायलंय, मग त्यो हिरवा पट्टा वढत जातो. बराबर? अन् यंत्र उचललं की बटन सुटतं, हिरवं बंद. एवढं मला समजलंय, मी काय अडानी न्हाई, सातवी शिकलेली हाय. माजं म्हननं एवढंच की यंत्र उचललेलं असताना बी टीव्हीत हिरवंच दिसंल, असं काही जमतं का. सगळीकडं न्हाई रे, एकाच जागी. ड्रायव्हरापाशी एखादं चोरबटन ठिवायचं, तेवढ्यापुरतं दाबायचं अन् सोडायचं. हात कामून थांबला तुजा? काम कर, काम कर. वल निघून चाललीय रानातली, उद्या हरभरा पडायला पायजे.

शिवमला म्हाईत व्हायची गरज न्हाई. शिवम म्हंजे माजा ल्योक, ज्येनं तुला फोन करून बलावलं त्यो. हैदराबादेला नोकरी करतो, पन जीव सगळा ह्या रानात. बैलं गेली, सालगडी गेला, आता वरून आकाशातून रस्ता दाखवत्यात म्हनं अन् ट्रॅक्टर आपलं आपन सरळ चालतंय. चालू दे. रेघा लई सरळ येतात, खोटं कामून बोलू. पन सोयाबीनच्या टायमाला मागच्या मिस्तरीनं ह्येच बटन उलटं जोडलं — तुला तर ठाऊकच हाय, त्येच्यासाठीच तू आलायस — बी पडलं तितं कोरं, अन् यंत्र उचललं तितं हिरवं. शिवमनं तिकडं बसून फोनवर नकाशा बघितला, तर सगळं रान कोरं, कडंला ट्रॅक्टर वळायच्या जागी हिरवी किनार, अन् रानाच्या बराबर मधी एक ठिपका. लगेच फोन. अव्वा, मधीच यंत्र कामून उचललं? म्या म्हन्लं, खडक हाय बाबा, दाता मोडतो. तुज्या आप्पानं बी तितं तिफन उचलली, सालगडी बी उचलायचा, तू लहानपनी बघितलंयस की. पटलं त्येला. पटलं म्हंजे इतकं पटलं की आता त्येच्या डोक्यातून खडकच निघंना. सरळ रेघेत असला खोडा नको म्हनतो. देवनीहून जेसीबी सांगितलंय आज. त्येच्यासाठीच रजा टाकून आलाय, अन् आता त्येलाच आनायला गेलाय फाट्यावर. खडक मुळापासून उपटून फेकतो म्हनतो.

थांब, आवाज आला का? ... न्हाई. उसाचं ट्रॅक्टर हाय ते. मला बसवतच न्हाई बघ सकाळधरून. चहा प्याले न् कप कुठं ठिवला तेच आठवंना.

तर तू असं कर. जोडून झालं की तू एक चक्कर मारून बघशीलच ना? त्या जागी आलास की यंत्र उचल अन् चोरबटन दाब. टीव्हीत सगळं हिरवं. मग मी शिवमला म्हनते — बघ बाबा, पेरलं तितं बी, दाता मोडला न्हाई, खडक आपोआप खाली दबला आसंल, दे जेसीबी माघारी लावून. त्यो मशीनचं ऐकतो. आईचं ऐकंल न ऐकंल, मशीनचं ऐकतोच. ... हसू नको. गुप्तधन बिन न्हाई तितं. हंडा असता तर मीच उकरला असता, तुला कामून सांगत बसले असते? काही न्हाई तितं. पन जेसीबीचा पंजा लई वाईट असतो रे, एका घासात किती माती उचलतं ते. इवलीशी तर होती, तिचं काय ऱ्हायलं आसंल आता, अन् ते बी असं वर यायचं, सगळ्यांच्या म्होरं —

कोन म्हंजे? म्या काय म्हन्लं? ... काही न्हाई म्हन्लं. तू वायर जोड.

... आता तोंडातून गेलंच हाय तर ऐक. लेक माजी. शिवमच्या आधीची, पहिलीच. आमच्यात जाळत न्हाईत, पुरतात, म्हाईत आसंल तुला. मालक गेले तवा विहिरीपाशी समाधी बांधली, शिवमनंच बांधली, फरशी घालून, लई चांगली. पन बारशाच्या आधी गेलेल्या लेकराला कोन समाधी बांधतंय? मालकांनीच लुगड्यात गुंडाळून आनलं तिला, माज्याच. मला बाळंतिणीला कोन येऊ देतंय रानात? मी दारातच. नंतर मालकांना इचारलं, कुठं? तर नुसता हात करून दाखवला. बाभळ होती तवा तितं. अन् शिवमच्या टायमाला सासू म्हन्ली, पाठीवरच्याला सांगू नको, लेकरू धास्ती घेतंय. न्हाई सांगितलं. सालगड्यानं इचारलं, मालक, तिफन हितं कामून उचलायची? मालक म्हन्ले, खडक हाय. तवापासून खडकच झाला त्यो. बाभळ वाऱ्यानं पडली, सासू गेली, मालक गेले, ठाऊक असनारं कोन ऱ्हायलंच न्हाई. मी दर पेरनीला हितं येऊन उभी ऱ्हाते, उचललं का न्हाई बघायला. सून म्हन्ती, आत्या, उन्हात कशाला जाता? म्या म्हन्ते, घरात करमत न्हाई.

काय म्हन्लास? वायर काढ की तोंडातली, मग बोल. ... हाव, टीव्हीत हिरवं दिसनार, तेच तर म्हनून राहिले मी. पुढच्या साली? पुढच्या साली काय... ड्रायव्हर बदलतात, हे खरं हाय. नव्याला काय ठाऊक. त्यो टीव्हीत बघतो, रानाकडं कुठं बघतो. अन् टीव्हीत पेरल्यालं दिसलं की सरळ वरून जानार. मी सांगीन की त्येला, मी असतेच उभी. दर साली असते.

... हाव. मी नसले तर. तेवढं म्या धरलंच न्हाई बघ. एवढ्या साली उभी ऱ्हायले, अन् आता माज्याच हातानं पुसून टाकायला निघाले होते. कोन उचलंल मग? कोनीच न्हाई उचलनार.

मग काय करायचं, सांग. टीव्हीत खूण घालता येती? जशी विहिरीची घालतात, खांबाची घालतात, तशी? अन् ट्रॅक्टर जवळ आलं की वाजतं? कोन बी चालवू दे, वाजतंच? मी असू नसू? ... हे मला कोनी सांगितलंच न्हाई, बाबा. पन मग शिवमला दिसनार ते. फोनवर बी दिसनार. अन् मशीन नाव मागतं म्हनतोस, कशाची खूण म्हनून. आता नाव... नाव कुठं ठिवलं होतं तिचं. म्या आपली मनातल्या मनात सिंधु म्हन्ते. मालकांना बी कधी बोलले न्हाई. तुलाच पहिल्यांदा म्हन्ले.

नको नको, लिहू नको आत्ताच. त्येनं मशीनीत वाचायचं अन् मला येऊन इचारायचं, हे न्हाई चालनार. भाऊ हाय त्यो तिचा. मीच सांगते तोंडानं, मग तू खूण घाल. लई रागवंल. घरी आलो की दर येळी आप्पाच्या समाधीला फूल ठिवायला लावलंस अन् हिचं नावबी न्हाई काढलंस, म्हनंल. म्हनू दे. माजं काही चुकलं का, सांग?

आलं. हाव, जेसीबीच हाय, पिवळं दिसून राहिलं बांधावर. ऊठ तू, ते चोरबटन बिटन काही बसवू नको, जसं असतं तसं जोड, पन नंतर. आता जा तिकडं लिंबाखाली, भाकर बांधून आनलीय, ती खा. जा म्हन्ते ना. ... शिवम! त्येला तितंच थांबव, आत येऊ देऊ नको. मशीन बंद करायला सांग. तू ये हिकडं. एकटा ये.