साळ्याचा हवामान अंदाज

आमच्या साळ्यासमोर पावसाचं नाव काढू नका, तो मोबाईल काढते. मार्चात वडनेरच्या वावरात सोंगलेल्या हरभऱ्याची गंजी उघडी पडली होती अन् शनिवारी सकाळीच आभाळ भरून आलं. मी ताडपत्री घेऊन निघालो, तं पाहुणा आलेला हा शहाणा म्हणे, "भाऊजी, काऊन धावून राह्यले? पाऊस उद्या संध्याकाळी पाच वाजता हाय. आज कडक ऊन." नागपुरात नोकरी करते ना, मंग आम्हाले तोच शिकवते. अन् मी गाढव, ताडपत्री ठेवून चहा प्यायले बसलो.

बायकोनं आमचं ऐकलंच नाई. ती ताडपत्री उचलून एकटीच वावरात गेली. ती पोहोचायच्या आधीच गारांसकट पाऊस कोसळला. आम्ही धावत गेलो, तं ती ओल्या गंजीवर ताडपत्री ओढून राह्यली होती. निम्मा हरभरा मंग काळा पडला.

साळा तिथंच उभा राहून मोबाईल पुसत म्हणे, "पण ताई, यात तं अजूनही ऊनच दाखवून राह्यलं!"

बायकोनं मान वरही केली नाई. म्हणे, "मंग त्यात वाळव हरभरा."