पाव्हण्यांची सैर आन् माझी ओल

...न्हाई, तुमीच सांगा, दगडी खांबात बघायचं काय आस्तंय? चारठाण्याचा त्यो खांब माझ्या पणज्याच्या आधीपासून हितंच हाय, उद्याबी ऱ्हानार हाय, पन रानातली ओल ऱ्हाती का उद्याला?

तुमाला सांगतो, दसरा झाला, आमच्या बोरीत समद्यांच्या तिफणी बाहेर निघाल्या, मी रानात माती मुठीत दाबून बघितली, लाडू वळला, म्हनलं मुंजाजी, सकाळी ज्वारी पेरायची... आन् सांजच्याला व्यंकटराव पाटील दारात. "मुंजाजी, हैद्राबादचे पाव्हणे आलेत, बड्या हुद्देदाराचे मेव्हणे. जिल्हा बघायचा म्हनतेत. तुझी गाडी वेठीला लागली." म्हनलं, माझीच का? "गावात तुझ्यावानी बैलं हायती का कुनाची?" आता बोला! माझा बांधशेजारी सटवाजी, पाटलाची चाहूल लागली तसा बैलाच्या पायाला चिंधी बांधून "लंगडतंय हो, लंगडतंय" करत बसला, सुटला. आन् मी शहाणा, शिंगाला हिंगूळ लावून बैलं दारात उभी केलेली, नवरदेवावानी!

निघालो. पाव्हणे लोडाला टेकून, डोळ्याला दुर्बीण. डोंगर दिसला की, "रोको, रोको, क्या नजारा है!" थांबवली. नदी आली, "रोको!" अहो, पूर्णेत म्हशी डुंबायल्या होत्या, त्या बघत बसला की हो हा मानूस, चहा पिऊन होईस्तोर! आन् तिकडं माझी ओल चालली.

जिंतूरचे डोंगर झाले, चारठाणं झालं. खांबाभवती फिरून फिरून इचारायलेत, "ये किसने बनाया?" म्हनलं, हुजूर, ज्यानं बनवला त्याचीबी पेरणी बुडाली आसंल. हसले. कळलं न्हाई, बरं झालं. मग सेलूला, का तर कापसाची सरकी कशी निघती ते बघायचं! वर ऊन आसं चटके द्यायलंय, आन् पाव्हणे म्हनतेत, "वाह, क्या मौसम!" मौसमच की वो! त्याच मौसमात तिकडं माझी ओल चालली. घरी माझी बायकू धुरपता बियाणं निवडून बसलेली, बैलंच न्हाईत तर तिनं काय सोताला तिफणीला जुपून घ्यावं? खरं सांगतो, लय जीव जळायचा.

धा-बारा दिसांनी माघारी बोरीच्या शिवारात आलो. जिकडं तिकडं ज्वारी बोटबोट वर आलेली, सटवाजीची तर लईच दाट. त्याचं त्ये लंगडं बैल बांधावर उड्या मारायलंय! मधी एकच रान उघडं, काळं. खाली उतरलो, माती मुठीत दाबली... बोटातून गळून गेली.

पाव्हण्यांनी दुर्बीण लावली. "सब तरफ हरा, ये एकीच खेत काला? किसका है? बडा सुस्त आदमी होगा!"

आता काय सांगनार? म्हनलं, "आसंल हुजूर कुन्या आळशाचं," आन् बैलं हाकलली.